लोणारच्या काठावरून ब्रोमीन दिसेल का?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचं महाविद्यालय लोणारपासून जवळ आहे. विभागात एक छोटा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र, आला आहे. मृत समुद्रावरच्या हवेत ब्रोमीन मोनॉक्साइड, म्हणजे ब्रोमीन-ऑक्सिजनचा वायू, सापडल्याचं एम.एस्सी.च्या मुलांनी वाचलं आणि विचारलं, आपलंही सरोवर खारंच आहे, मग इथे का नाही सापडणार? काठावर उभं राहून ते मोजता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

मोजायला सुरुवात जरूर करा. पण ब्रोमीन सापडेल असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मुलांना आधीच सांगा. ‘सापडलं नाही’ एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. ‘अमुक पीपीटीपेक्षा (लाख कोटी रेणूंमागे इतक्या रेणूंपेक्षा) जास्त नाही’ असा आकडा खात्रीने देता यायला हवा. दोन वर्षं मन लावून केलं तर तेवढं नक्की जमेल, आणि त्या आकड्याला किंमत आहे.

आधी पाण्याचं बोलू. मी खारपाणपट्ट्यातला, दर्यापूरकडचा. खारं म्हणजे सगळं एकसारखं खारं नसतं हे आम्हाला विहिरीच्या पाण्यावरून लहानपणीच कळतं. मृत समुद्राच्या एका लिटर पाण्यात जवळपास ५ ग्रॅम ब्रोमाइड असतं. साध्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात ६५-६७ मिलिग्रॅम. आणि मृत समुद्राचं पाणी किंचित आम्लाकडे झुकलेलं आहे, पीएच ६ च्या आसपास. लोणारचं पाणी सोड्याचं, पीएच १० च्या आसपास. खरी मेख इथे आहे. मिठातलं ब्रोमाइड हवेत यायचं तर हायपोब्रोमस आम्लाचा रेणू मिठाच्या ओल्या पृष्ठभागावर येऊन ब्रोमाइडला भेटावा लागतो, आणि त्या भेटीत एक हायड्रोजन आयन खर्च होतो. मग ब्रोमीन वायू सुटतो, उन्हात फुटतो, ओझोनशी भिडून ब्रोमीन मोनॉक्साइड होतो, त्याचं पुन्हा हायपोब्रोमस आम्ल होतं आणि ते परत मिठाकडे येतं. प्रत्येक फेरीत एक ब्रोमीन आत जातो आणि दोन बाहेर येतात, म्हणून याला ‘ब्रोमीन स्फोट’ म्हणतात. ध्रुवीय वसंतात, सूर्य उगवल्यावर, जमिनीलगतचा ओझोन काही दिवसांत जवळजवळ शून्यावर येतो तो याच चक्रामुळे. कॅनडातल्या अलर्ट इथे १९९२ मध्ये हे ब्रोमीन मोनॉक्साइड स्पेक्ट्रोस्कोपीने पकडलं. मृत समुद्रावर १९९० च्या दशकाअखेरीस ते शंभर पीपीटीच्या घरात मिळालं.

पण या चक्राला आम्ल लागतं, आणि लोणारच्या पाण्यात कार्बोनेट इतकं आहे की आलेलं आम्ल ते गिळून टाकतं. खारपाणपट्ट्याच्या मातीचंही तसंच, तीही अल्कधर्मीच. काठावर वाळलेल्या पांढऱ्या क्षाराची धूळ उडते, तिच्यावर लांबून आलेलं सल्फेट बसून ती आम्लधर्मी होईल का, एवढी एकच फट मला दिसते. त्या फटीसाठी मोजणं योग्य आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते मिठात जगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे. मुलं ‘हॅलो’ शब्दावरून ते ब्रोमीनशी जोडतील, पण त्याचा इथे संबंध नाही.

आता यंत्राचं. तुम्ही करणार ते डोआस, म्हणजे विभेदी शोषणाचं तंत्र. हायडेलबर्गच्या उलरिच प्लाट यांनी १९७० च्या दशकाअखेरीस ते उभं केलं. आकाशातून विखुरलेला सूर्यप्रकाश दुर्बिणीतून आत घ्यायचा, स्पेक्ट्रम काढायचा आणि त्यात प्रत्येक वायूची दातेरी नक्षी शोधायची. धुळीमुळे, धुक्यामुळे प्रकाश कमी होतो तो सगळ्या तरंगलांबींवर सावकाश, उतार पडावा तसा; वायूचे दाते मात्र अरुंद असतात. उतार बहुपदीने काढून टाकायचा आणि दाते ठेवायचे. ब्रोमीन मोनॉक्साइडचे दाते ३३० ते ३६० नॅनोमीटरमध्ये असतात, आयोडीन मोनॉक्साइडचे ४१५ ते ४५० मध्ये.

दाता केवढा, हे मुलांकडून फळ्यावर काढून घ्या. जमिनीलगतच्या हवेत १ पीपीटी म्हणजे एक लाख कोटी रेणूंमागे एक, अर्थात घनसेंटीमीटरला सुमारे अडीच कोटी रेणू. प्रकाश हवेतून १० किलोमीटर, म्हणजे १० लाख सेंटीमीटर आला असं धरा. गुणाकार २.५ गुणिले १० चा १३ वा घात. ब्रोमीन मोनॉक्साइडच्या एका रेणूची विभेदी शोषण-चकती, म्हणजे रेणू प्रकाश अडवतो तेवढं क्षेत्रफळ, साधारण १० चा उणे १७ वा घात चौरस सेंटीमीटर. उत्तर येतं ०.०००२५. दहा हजार भाग प्रकाशातले अडीच भाग कमी झाले. आम्ही हेच शोधत असतो.

हे ज्यात शोधायचं त्या सूर्यप्रकाशातच सूर्याच्या स्वतःच्या काळ्या रेषा, फ्राउनहोफर रेषा, आहेत; त्या छोट्या स्पेक्ट्रोमीटरवरही वीस-तीस टक्के खोल दिसतात. म्हणजे आपला दाता त्यांच्या हजारपट लहान. म्हणून दर वेळी वरच्या, ९० अंशाच्या स्पेक्ट्रमने खालच्या कोनाच्या स्पेक्ट्रमला भागायचं. दोन्हींत सूर्य तोच, दोन्हींत वरचं स्थितांबर (वातावरणाचा ओझोन असलेला वरचा थर) जवळपास तेच. उरतो तो जमिनीलगतचा फरक. दुर्बीण १, २, ३, ५, १०, १५, ३० आणि ९० अंशांवर फिरवून हे करतात, त्याला मॅक्स-डोआस म्हणतात. स्थितांबरातलं ब्रोमीन जगभर आहे, विदर्भाच्या डोक्यावरही आहे. सांजवेळी नुसता वर पाहणारा स्पेक्ट्रम काढलात तर ब्रोमीन मोनॉक्साइड दिसेलही, पण ते लोणारचं नसेल. सूर्याची क्षितिजापासूनची उंची पंधरा अंशांपेक्षा कमी झाली की जमिनीलगतच्या मोजणीसाठी त्या वेळच्या नोंदी मी वापरत नाही.

तरीही एक थर उरतो. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाची ऊर्जा थोडी बदलून तो विखुरतात आणि फ्राउनहोफर रेषा किंचित भरून येतात. याला रिंग परिणाम म्हणतात. मुळात हे रामन विकिरणच, रेणूंच्या फिरण्यामुळे होणारं. त्याचा संदर्भ-स्पेक्ट्रम फिटमध्ये, म्हणजे मोजलेला स्पेक्ट्रम ओळखीच्या नक्षींशी जुळवण्याच्या हिशेबात, घातला नाही, तर पुढचं सगळं वाया.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुमच्याकडे ती नक्की होईल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्लॅबवर आमचं यंत्र होतं, स्पेक्ट्रोमीटर खाली टिनाच्या खोलीत. एप्रिलमध्ये ब्रोमीन मोनॉक्साइड दिसायला लागलं. सकाळी शून्य, अकरानंतर वाढत दुपारी तीनला कळस, सांजेला परत शून्य. तीन-चार पीपीटी. रोज, ओळीने सतरा दिवस. आलेख इतका देखणा होता की आम्ही तो छापून भिंतीला लावला. उन्हासोबत चढणारं, उन्हासोबत उतरणारं. फोटोकेमिस्ट्री अशीच असते. अठराव्या दिवशी लाइन गेली, कूलर बंद पडला आणि यंत्र बॅटरीवर चालू राहिलं. त्या दुपारी ब्रोमीन मोनॉक्साइड ११ पीपीटी झालं.

ब्रोमीनला काय माहीत आमच्या कूलरचं! खोलीचं तापमान आणि ‘ब्रोमीन’ एकाच कागदावर काढलं तर एकावर एक बसले. कारण साधं. यंत्र तापलं की आतली प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी, आरसे, प्रकाश आत येण्याची फट सगळं केसभर सरकतं. फ्राउनहोफर रेषेचा उतार इतका उभा असतो की तरंगलांबी नॅनोमीटरच्या हजाराव्या हिश्शाने जरी सरकली तरी भागाकारात ०.०००६ एवढा खोटा दाता उभा राहतो, म्हणजे आपल्या १ पीपीटीच्या दुपटीहून मोठा. सरळ सरकणं सॉफ्टवेअर दुरुस्त करतं. फटीचा आकार, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये एक रेषा जशी दिसते तो आकार, बदलला तर तसं करता येत नाही. आणि आमच्याकडे तोच बदलला होता. सतराच्या सतरा दिवसांच्या नोंदी आम्ही रद्द केल्या.

तेव्हापासून स्पेक्ट्रोमीटर थर्माकोलच्या जाड पेटीत, पेल्टिअरने (विजेवर थंड-गरम करणाऱ्या चकतीने) अर्ध्या अंशाच्या आत धरलेल्या तापमानावर ठेवतो. पेटीचं तापमान ३० अंश वगैरे ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असतं आणि पेल्टिअर दमतो. ४० ला ठेवलं तर वर्षभर निभतं, फक्त डिटेक्टर वेगळा थंड ठेवावा लागतो. आणि कूलरची हवा यंत्रावर येऊ देऊ नका. ती दमट असते, थंड डिटेक्टरच्या काचेवर दव धरतं.

खांब जमिनीत रोवायचा विचार असेल तर तोही सोडा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि खांब कलतो. धुऱ्यावरचे, शेताच्या बांधावरचे, विजेचे खांब पहा कसे तिरपे उभे असतात. आमचा खांब मेपासून ऑगस्टपर्यंत जवळपास अर्धा अंश कलला होता. १ अंशावर पाहणाऱ्या दुर्बिणीला अर्धा अंश म्हणजे निम्मं. आरसीसी इमारतीच्या स्लॅबवर बसवा, गवंड्याची पाणसळ नेहमी जवळ असू द्या आणि दर महिन्याला क्षितिज तपासा. दुर्बीण सावकाश वर नेत प्रकाश कुठे एकदम वाढतो ते पाहिलं की क्षितिज सापडतं. दुर्बिणीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, दर पंधरवड्याला आत डोकावा. प्रकाश हळूहळू निम्मा झाला आणि आकाश निरभ्र असेल, तर आधी तिथेच पाहायचं.

कोटींच्या हिशेबात फोटॉन लागतात, त्यात कंजूषी चालत नाही. फोटॉन मोजण्यातला गोंधळ संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. ०.०००१ पर्यंत जायचं तर फोटॉनमुळे डिटेक्टरमध्ये सुटणारे १० कोटी इलेक्ट्रॉन हवेत. एका पिक्सेलमध्ये समजा २ लाख मावतात. मग ५०० एक्स्पोजर बेरीज करावे लागतील. प्रत्येकी पाव सेकंद धरला तर एका कोनाला दोन मिनिटं. आठ कोन म्हणजे सोळा मिनिटं. तेवढ्या वेळात ढग फिरला तर ती फेरी गेली. म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरं मोजायचे महिने.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वेगळी अडचण येते, आणि ती आपल्याच भागाची आहे. पऱ्हाटी, तुराट्या धुऱ्यावर पेटवतात. जंगलकडेला मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. धुरात फॉर्मल्डिहाइड भरपूर असतं. त्याचा एक दाता ३३९ नॅनोमीटरला आणि ब्रोमीन मोनॉक्साइडचा ३३८.५ ला. सॉफ्टवेअरला दोघांत गल्लत होते: एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी देतं, कधी उणेही. शेजारच्या रानात धूर दिसला त्या दिवशी ब्रोमीन मोनॉक्साइडचा आकडा आला तर त्यावर विश्वास ठेवू नका, तो उणे आला तरीही नाही. धुराची तारीख, वेळ, दिशा वहीत लिहायला एक मुलगा नेमा. माझ्या अनुभवात त्या वहीने जितक्या चुका पकडल्या तितक्या कुठल्याच सॉफ्टवेअरने पकडल्या नाहीत.

आयोडीनचं थोडक्यात. आयोडीन मोनॉक्साइड पहिल्यांदा आयर्लंडच्या किनाऱ्यावर, मेस हेड इथे सापडलं, १९९० च्या दशकाअखेरीस. ओहोटीला उघडं पडणारं शेवाळ आणि समुद्राच्या पृष्ठभागावर ओझोनची आयोडाइडशी होणारी क्रिया हे त्याचे मोठे स्रोत. लोणार समुद्रापासून जवळपास चारशे किलोमीटर आत, आणि आयोडीन मोनॉक्साइड उन्हात काही मिनिटंही टिकत नाही. शिवाय एक खोटा पाहुणा इथेही येतो. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्याची ४३५.८ नॅनोमीटरची रेषा नेमकी आयोडीन मोनॉक्साइडच्या एका दात्याजवळ पडते. गच्चीवरची ट्यूब सांजेला लागली की ‘आयोडीन’ दिसू लागतं. ती बंद ठेवायला शिपाईभाऊंना सांगून ठेवा. तीच ट्यूब दुसऱ्या बाजूने कामाची आहे: पाऱ्याच्या ४०४.७ आणि ४३५.८ च्या रेषांवरून तुमच्या यंत्राच्या फटीचा आकार कळतो आणि तरंगलांबी तपासता येते. ब्रोमीनच्या पट्ट्यासाठी मात्र पाऱ्याचा छोटा कॅलिब्रेशन दिवाच हवा. ३३४.१ ची रेषा ट्यूबची काच अडवते.

क्लोरीनचं विचाराल तर पैज लावायची असेल तर मी ब्रोमीनवर लावणार नाही, क्लोरीनवर लावेन. मिठाची धूळ, कोळसा, प्लॅस्टिक जाळणं, हे सगळं आपल्याकडे आहे, आणि दिल्लीच्या हिवाळी धुक्यात क्लोराइड मोठ्या प्रमाणात आढळलं आहे. पण ते ज्या रूपांत असतं, हायड्रोजन क्लोराइड किंवा रात्रीचं नायट्रिल क्लोराइड, ती तुमच्या यंत्राला दिसत नाहीत. हायड्रोजन क्लोराइडच्या रेषा अवरक्तात, ३.४ मायक्रॉनला. सूर्याकडे थेट पाहणारा उच्च विभेदनाचा एफटीआयआर (अवरक्त स्पेक्ट्रोमीटर) लागतो, त्याची किंमत कोटींत जाते. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखसारख्या ठिकाणी अशा यंत्रांनी दशकानुदशकं मोजलं, म्हणून तर ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानंतर स्थितांबरातलं क्लोरीन उतरू लागल्याचं जमिनीवरून दिसलं. आणि १९८६ मध्ये अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो तळावर सुसान सॉलोमन यांच्या चमूने दृश्य प्रकाशातच क्लोरीन डायऑक्साइड मोजून ओझोन छिद्रामागे क्लोरीन असल्याचा पुरावा आणला. तंत्र तुमचंच. पण तो वायू तिथल्या हाडं गोठवणाऱ्या स्थितांबरात तयार होतो, आपल्या आकाशात तो शोधू नका.

मग सुरुवात कशाने? नायट्रोजन डायऑक्साइडने. १ पीपीबी (शंभर कोटी रेणूंमागे एक) असेल तर १० किलोमीटरच्या वाटेवर त्याचा दाता ०.००५ च्या आसपास येतो, ब्रोमीनच्या १ पीपीटीच्या वीसपट. समृद्धी महामार्ग तुमच्या भागातूनच जातो. दुर्बीण एकदा त्या दिशेला, एकदा विरुद्ध दिशेला धरा आणि फरक येतो का पहा. सोबत ऑक्सिजनच्या जोडीचं, आम्ही ओ-फोर म्हणतो त्याचं, शोषण ३६० आणि ४७७ नॅनोमीटरला काढा. हवेत ऑक्सिजन किती ते पक्कं माहीत असतं, म्हणून ओ-फोरवरून प्रकाश किती किलोमीटर आला ते कळतं. मेच्या धुळीत ही वाट निम्मीही होते. हे दोन वायू तीन महिने नीट आले, म्हणजे सकाळी चढले, ढगात बिघडले, रविवारी-सणाला बदलले, तर यंत्र ठीक आहे असं समजा. फिट करायला क्यूडोआस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

मग ब्रोमीनचा फिट लावा आणि फिट झाल्यावर उरलेल्या नक्षीकडे, रेसिड्युअलकडे, पाहायला मुलांना शिकवा. ती नक्षी दर स्पेक्ट्रमला वेगळी, वाळूसारखी विखुरलेली असेल तर गोंधळ फोटॉनचा आहे. तेच तेच उंचवटे रोज त्याच जागी येत असतील तर यंत्रात किंवा संदर्भात काही चुकलं आहे, आणि कितीही बेरीज करा, ते जाणार नाहीत. सॉफ्टवेअर जी त्रुटी छापतं ती दुप्पट-तिप्पट करून धरा.

शेवटी लोणारपुरता हिशेब. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे काठावरून पलीकडे पाहताना प्रकाशाची सरोवरावरची वाट १.८ किलोमीटरच, दहा नाही. १ पीपीटीचा दाता तिथे ०.००००४५ येतो. तुमचं रेसिड्युअल ०.०००३ असेल, आणि छोट्या यंत्राला ते चांगलंच म्हणायचं, तर सात पीपीटीच्या खालचं काही तुम्हाला दिसणार नाही. पलीकडच्या काठावर परावर्तक आरसे ठेवून अलीकडून झेनॉनचा दिवा मारला तर वाट ३.६ किलोमीटर होते आणि सूर्यप्रकाशावर अवलंबून राहावं लागत नाही. पण त्यासाठी रात्री-बेरात्री तिथे वावरावं लागेल. सरोवर अभयारण्यात आहे, २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि वानरं केबल तोडतात हे त्या अर्जातच लिहा, म्हणजे पेटीला जाळी बसवायची मुभा मिळेल.

यंत्र ज्या दिवशी बसेल त्या दिवशी पाऱ्याच्या दिव्याचा एक स्पेक्ट्रम घ्या, पेटीचं तापमान शेजारी लिहा आणि दोन्ही जपून ठेवा. महिनाभराने तसाच दुसरा घ्या आणि ३६५ नॅनोमीटरची रेषा दोन्हींत एकावर एक ठेवून पहा. ते दोन कागद मला पाठवलेत तर तुमच्या यंत्राने ब्रोमीनच्या वाटेला जावं की नाही, तेवढ्यावरून सांगतो.